फार्मसी झालेली लेक आणि परदेशाची वाट



बारावीचा निकाल लागला की आमच्या जुन्नर-आंबेगावकडे घरोघरी एकच बोलणं सुरू होतं. ‘डॉक्टरकीला नंबर नाही ना लागला? मग पोरीला फार्मसीला घाला.’ सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. कॉलेज लांब नाही. आळ्याला आहे, बेल्ह्याला आहे, ओतूरजवळ डुंबरवाडीला आहे. एस.टी.नं जाऊन-येऊन करता येतं, होस्टेलचा खर्च वाचतो. काम सावलीतलं, स्वच्छ, मानाचं. शिवाय लग्न होऊन पोर कुठल्याही गावी गेली तरी तिथे एखादं मेडिकल असणारच, म्हणजे हातात नोकरी आहेच, असा आपला हिशेब.

हा हिशेब करणाऱ्या आयांची आता दुसरी पत्रं येऊ लागली आहेत. मंचरकडची एक भगिनी विचारते, ‘मुलगी बी.फार्म. झाली, दोन वर्षं घरी आहे. एजंट म्हणतो इंग्लंडला पाठवा. शेताचा एक तुकडा गहाण टाकावा का?’ नारायणगावची दुसरी लिहिते, ‘स्थळ कॅनडाचं आलं आहे. मुलगा फार्मसिस्ट आहे म्हणतात. नेमकं काय विचारून घ्यावं?’ दोन्ही प्रश्न पैशाचे आहेत तितकेच लेकीच्या आयुष्याचे आहेत. म्हणून आज पाककृती आणि विणकाम बाजूला ठेवून याच विषयावर बोलू या.

आधी घरची गोष्ट. नोकरी का मिळत नाही? टोमॅटोचं नारायणगावच्या बाजारात जे होतं तेच इथे झालं आहे. आवक वाढली की भाव पडतो. फार्मसीची कॉलेजं इतकी वाढली की फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियालाच त्याची काळजी वाटली. २०१९ मध्ये कौन्सिलने ठरवलं, की २०२०-२१ पासून पाच वर्षं, काही अपवाद सोडून, नवी कॉलेजं काढायला परवानगी द्यायची नाही. संस्थाचालक कोर्टात गेले. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की शिक्षणसंस्था काढणं हा मूलभूत हक्क आहे. त्यावर बंधन घालायचं तर ते कायद्याने घालावं लागेल, कौन्सिलच्या नुसत्या ठरावाने चालणार नाही. बंदी गेली. कॉलेजं पुन्हा निघू लागली.

आता यातली एक गोष्ट उघड बोलायला हवी. १९४८ च्या फार्मसी कायद्याच्या ४२ व्या कलमाप्रमाणे डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मसिस्टनेच द्यायचं असतं. म्हणून मेडिकल टाकायचं तर फार्मसिस्टचं सर्टिफिकेट लागतं. आणि इथेच पळवाट निघते. मुलीचं सर्टिफिकेट दुकानाला ‘लावायचं’, महिन्याला ठरलेली रक्कम घ्यायची, आणि मुलीने घरी भाकऱ्या थापायच्या. दुकानात औषध देतो तो दहावी झालेला पोरगा. २०१२ च्या सुमारास अन्न व औषध प्रशासनाचे तेव्हाचे आयुक्त महेश झगडे यांनी ‘फार्मसिस्ट दुकानात हजर पाहिजे’ असा आग्रह धरला, तेव्हा राज्यातल्या औषधविक्रेत्यांनी केवढा विरोध केला होता ते पुष्कळजणींना आठवत असेल. विरोध कशाला होता ते समजायला फार शिकावं लागत नाही.

‘बसल्या जागी पैसे मिळतात, काय वाईट?’ असं म्हणणाऱ्या सासवा आणि आयाही मला ठाऊक आहेत. वाईट हे, की उद्या चुकीचं औषध दिलं गेलं तर कागदावर नाव तुमच्या मुलीचं असतं. आणि दुसरं वाईट असं, की तिच्या हाताला कामाचा सराव राहत नाही. पाच वर्षं सर्टिफिकेट लावलेली मुलगी पाच वर्षांची अनुभवी होत नाही, पाच वर्षं विसरलेली होते. हे पुढे परदेशाच्या वाटेवर फार नडतं. ते कसं, ते सांगते.

परदेशात जाऊन फार्मसिस्ट होणं म्हणजे काय, याची आपल्याकडे पुरती कल्पनाच नसते. आपण समजतो, डिग्री घेतली, विमानात बसली, दुकानात उभी राहिली. तसं कुठेच होत नाही. डिग्री म्हणजे तुम्ही शिकलात याचा पुरावा. काम करायचा परवाना तो तो देश आपला आपण देतो, आणि देण्याआधी पुन्हा परीक्षा घेतो. यात अपमान वाटून घेऊ नये. माहेरी कितीही सुगरण असली तरी सासरी पहिले काही दिवस मिठाचा डबा कुठला आणि तिखट किती चालतं हे विचारावंच लागतं ना? औषधांचंही तसंच आहे. आपण ज्याला पॅरासिटामॉल म्हणतो त्याला अमेरिकेत अ‍ॅसिटॅमिनोफेन म्हणतात. दम्याच्या पंपातलं आपलं साल्ब्युटामॉल तिकडे अल्ब्युटेरॉल होतं. औषध तेच, नाव निराळं, आणि नावाचा घोटाळा झाला तर जीव जातो.

शिवाय तिकडे फार्मसिस्टचं कामही निराळं असतं. कॅनडात, इंग्लंडात, अमेरिकेत फार्मसिस्ट फ्लूची लस टोचतात. इंग्लंडमध्ये तर ३१ जानेवारी २०२४ पासून अशी योजना आहे, की घसादुखी, कानदुखी यांसारख्या सात साध्या तक्रारींवर फार्मसिस्टच तपासून औषध देऊ शकतो. म्हणजे गोळ्यांची पट्टी कात्रीने कापून देण्याचं ते काम नव्हे. रोग्याशी त्याच्या भाषेत बोलायचं, त्याची बाकीची औषधं विचारायची, डॉक्टरला फोन करून ‘हा डोस जास्त वाटतो’ असं सांगायचं. ज्या मुलीला कॉलेजात तोंड उघडून प्रश्न विचारायची सवय नाही, तिला हे फार जड जातं.

आता एकेका देशाचं पाहू.

इंग्लंड. तिथे परवाना जनरल फार्मास्युटिकल कौन्सिल देते. आपल्याकडच्या पदवीधर फार्मसिस्टला आधी तिथल्या विद्यापीठात एक वर्षाचा खास अभ्यासक्रम करावा लागतो. त्याला थोडक्यात ‘ओस्पॅप’ म्हणतात. मग ५२ आठवडे देखरेखीखाली काम, आणि मग कौन्सिलची परीक्षा. इंग्रजीची आय.ई.एल.टी.एस. परीक्षा दिली तर वाचणं, लिहिणं, ऐकणं, बोलणं या चारही भागांत किमान ७ गुण लागतात. एजंट सांगतो फक्त पहिल्या वर्षाची फी. पुढचं ५२ आठवड्यांचं ट्रेनिंग कुठे मिळणार हे तो सांगत नाही, आणि ते मिळाल्याखेरीज पहिल्या वर्षाचा उपयोग होत नाही. आणखी एक. जानेवारी २०२४ पासून संशोधनाच्या अभ्यासक्रमांसारखे थोडे अपवाद सोडले तर तिथे शिकायला जाणाऱ्यांना नवरा-मुलं बरोबर नेता येत नाहीत. लहान मूल असलेल्या मुलीने हे आधी पाहावं.

कॅनडा. इथे क्यूबेक प्रांत सोडला तर बाकीकडे फार्मसी एक्झामिनिंग बोर्ड ऑफ कॅनडाची वाट धरावी लागते. आधी कागदपत्रांची तपासणी, मग एक मूल्यमापन परीक्षा, मग पात्रता परीक्षेचे दोन भाग. एक भाग प्रश्नपत्रिकेचा, दुसरा प्रत्यक्ष वागण्याचा. त्यात समोर खोटा रोगी बसवतात आणि तुम्ही त्याच्याशी कसं बोलता ते पाहतात. हे झाल्यावर प्रांताचा कायद्याचा पेपर आणि प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण असतंच. साऱ्या परीक्षांची फी मिळून काही हजार डॉलर होते, आणि परीक्षा कितीही वेळा देता येत नाहीत. ‘आधी शिकायला जाऊ, मग पाहू’ हा मार्गही अरुंद झाला आहे. जानेवारी २०२४ मध्ये कॅनडाने परदेशी विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा घातली.

अमेरिका. इथे सगळ्यांत मोठी अट पहिल्याच पायरीला आहे, आणि ती पुष्कळ घरांत माहीत नसते. १ जानेवारी २००३ नंतर पदवी घेतलेल्या परदेशी फार्मसिस्टचा अभ्यासक्रम किमान पाच वर्षांचा असला पाहिजे. आपलं बी.फार्म. चार वर्षांचं. म्हणजे नुसत्या बी.फार्म.वर त्या समकक्षतेच्या परीक्षेला बसताच येत नाही. २००८ पासून आपल्याकडे सुरू झालेला सहा वर्षांचा फार्म.डी. हा अभ्यासक्रम चालतो. अमेरिकेत एम.एस. करून औषध कंपनीत काम करणारी आपली मुलं-मुली पुष्कळ आहेत, पण ती वाट कारखान्याची आणि संशोधनाची आहे, रोग्याला औषध देण्याची नव्हे. दोन्हींची गल्लत करू नये.

आखाती देश. इथे परीक्षा संगणकावरची असते, कागदपत्रांची खातरजमा कंपनीमार्फत होते आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव मागतात. पण तिथेही आपल्या माणसांना आधी काम, असं धोरण आहे. सौदी अरेबियात जुलै २०२५ पासून औषधाच्या दुकानांतल्या फार्मसिस्टच्या ३५ टक्के आणि इस्पितळातल्या ६५ टक्के जागा सौदी नागरिकांसाठी ठेवायच्या, असा नियम लागू झाला.

आणि दोन वर्षांच्या डिप्लोमावर, म्हणजे डी.फार्म.वर, इंग्लंड, कॅनडा किंवा अमेरिकेत फार्मसिस्ट होता येत नाही. हे एजंटच्या तोंडून ऐकायला मिळेलच असं नाही, म्हणून मी लिहून ठेवते.

आता कुणी म्हणेल, एवढे अडथळे का? तर गर्दी तिकडेही आहे. अमेरिकेत गेल्या वीस-पंचवीस वर्षांत फार्मसीची कॉलेजं भराभर वाढली, आणि दुसरीकडे दुकानं बंद होऊ लागली. वॉलग्रीन्स या मोठ्या साखळीने ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केलं, की तीन वर्षांत सुमारे १२०० दुकानं बंद करणार. राइट एड ही दुसरी साखळी २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली, सावरली, पुन्हा गेली आणि २०२५ मध्ये तिची सगळी दुकानं बंद झाली. अशा वेळी दुकानदाराच्या टेबलावर तिथल्याच पोरापोरींच्या अर्जांचा ढीग असतो. त्यात आपल्या मुलीचा अर्ज का उचलावा? तिच्यासाठी व्हिसाची खटपट का करावी? हा प्रश्न त्याच्या जागी बसून आपण विचारला पाहिजे. नोकरी देणारा दया म्हणून देत नाही. मोठ्या शहरात जिथे कुणी नवीन नको असतं, तिथून दोनशे मैलांवरच्या लहान गावात माणूस मिळत नाही म्हणून ते अडून बसलेले असतात. परदेशी शिकलेल्यांना पहिली संधी पुष्कळदा अशाच ठिकाणी मिळते. टोरांटोचं स्वप्न पाहून गेलेल्या मुलीला बर्फातल्या आडगावी एकटीनं राहावं लागेल. तयारी आहे का, हे तिलाच विचारा.

माझ्या नात्यातली एक मुलगी, आंबेगाव तालुक्यातलीच, लग्न होऊन कॅनडात गेली. इथे बी.फार्म. पहिल्या वर्गात. तिथे पहिली काही वर्षं औषधाच्या दुकानात मदतनीस होती. गोळ्या मोजायच्या, फोन घ्यायचे. तिची आई मला म्हणायची, ‘वहिनी, हे करायला का हो शिकवली हिला?’ पण मुलगी शहाणी. तिने त्या काउंटरलाच शाळा केलं. औषधांची नावं, लोकांची बोलण्याची ढब, विम्याचे कागद, सगळं तिथे शिकली. रात्री मूल झोपल्यावर अभ्यास. प्रत्यक्ष वागण्याच्या परीक्षेत एकदा नापास झाली, दुसऱ्यांदा पास. आज परवाना आहे. निघण्याआधी तिने घोडेगावच्या एका मेडिकलमध्ये दीड वर्ष खरोखर उभं राहून काम केलं होतं, ते तिला सर्वांत उपयोगी पडलं, असं ती स्वतः सांगते. मुलीच्या जोडीला नवरा होता, घर चालत होतं, म्हणून ती ही वर्षं काढू शकली. हेही विसरून चालणार नाही.

परदेशात शिकलेल्यांची आपल्याला कदर नव्हती असंही नाही बरं का. आपल्या देशात फार्मसीचं विद्यापीठातलं शिक्षण सुरू केलं ते महादेव लाल श्रॉफ यांनी, १९३२ मध्ये बनारसला. ते अमेरिकेत शिकून आले होते. १९३५ मध्ये मुंबईत सिप्ला कंपनी काढणारे ख्वाजा अब्दुल हमीद जर्मनीत रसायनशास्त्राची डॉक्टरेट घेऊन आलेले. बाहेर शिकलेलं ज्ञान त्यांनी इथल्या गरजेला लावलं. आपल्या मुली बाहेर जातात तेव्हा त्यांच्याही ज्ञानाची अशीच कदर व्हावी एवढंच मागणं आहे. पण ती होण्याआधी परीक्षा द्यावी लागते.

आता मंचरच्या आणि नारायणगावच्या भगिनींना, आणि तुम्हां सर्वांना, काही कामाच्या सूचना.

१. खर्चाचा हिशेब पहिल्या वर्षापुरता करू नका. फी, राहणं, परीक्षांची फी, एकदा नापास झाल्यास पुन्हा फी, आणि परवाना मिळेपर्यंतची वर्षं, एवढं सगळं एका वहीत मांडा. मांडल्यावर आकडा पाहून जमीन गहाण टाकायची का ते ठरवा. माझं विचाराल तर, ज्या शेतावर घर जगतं ते शेत यात घालू नये.

२. एजंटचं तोंडी बोलणं धरू नका. प्रत्येक देशाच्या परवाना देणाऱ्या संस्थेचे नियम तिच्याच माहितीपत्रकात असतात. मुलीला ते स्वतः वाचायला लावा आणि मराठीत तुम्हाला समजावून सांगायला सांगा. तिला समजावता आलं नाही, तर तिची अजून तयारी नाही.

३. नाव सांभाळा. आपल्याकडे लग्नात आडनाव बदलतं, कधी पाळण्यातलंसुद्धा बदलतं. दहावीच्या सर्टिफिकेटवर एक नाव, डिग्रीवर दुसरं, पासपोर्टवर तिसरं असलं की परदेशी संस्था कागद परत पाठवते. लग्नाचा नोंदणी दाखला आणि नावबदलाचं राजपत्र जपून ठेवा. फार्मसिस्ट म्हणून नोंदणी ज्या नावाने आहे तेच नाव शक्यतो चालू ठेवावं.

४. महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलची नोंदणी वेळेवर नूतनीकरण करून घ्या. नोंदणी चालू असल्याचा आणि वर्तणूक चांगली असल्याचा दाखला बाहेर मागतात. कॉलेजकडून गुणपत्रकं आणि अभ्यासक्रमाची प्रत सीलबंद मिळते, तीही वेळीच मागून घ्यावी; कॉलेजातले कारकून बदलले की कागद शोधण्यात महिने जातात.

५. अनुभवाचा दाखला खराच असावा. तिकडे मुलाखतीत ‘मधुमेहाचा रोगी नवीन गोळी घ्यायला आला, काय विचाराल?’ असं विचारतात. नुसतं सर्टिफिकेट लावून बसलेल्या मुलीला त्याचं उत्तर येत नाही, आणि दाखला खोटा हे चटकन कळतं.

६. परदेशातल्या ‘फार्मसिस्ट’ मुलाचं स्थळ आलं तर संकोच न करता विचारा: परवाना मिळाला आहे का, की परीक्षा चालू आहेत? कुठल्या प्रांताचा परवाना? पुष्कळ देशांत परवानाधारकांची यादी कुणालाही पाहता येते; नाव घालून पाहावं. तो सध्या मदतनीस असेल तर त्यात कमीपणा नाही, पण ते लपवलं असेल तर मात्र विचार करावा.

जिला जायचं नाही किंवा जमत नाही, तिने घरी बसावं असं थोडंच आहे? प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि ग्रामीण रुग्णालयात औषध निर्माण अधिकाऱ्याची जागा असते. जाहिरात निघाली की परीक्षेला बसावं. पुण्यात औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणाऱ्या, कागदपत्रं तपासणाऱ्या कंपन्या आहेत. जनऔषधी केंद्र काढायला फार्मसिस्ट लागतो, आणि महिलांसाठी त्यात खास मदतही ठेवलेली आहे. स्वतःचं मेडिकल टाकायचं भांडवल नसेल, तर आहे त्या दुकानात रोज जाऊन उभं राहायचं. सर्टिफिकेटच्या भाड्यापेक्षा पगार थोडाच जास्त असेल, पण गावातल्या म्हाताऱ्या बायका ‘ताई, ही गोळी जेवणाआधी का नंतर?’ म्हणून तिलाच विचारू लागतील. आमच्या पश्चिमेकडच्या डोंगरातून हिरडा गोळा करून आणणाऱ्या आदिवासी बायकांना आजारपणात औषध द्यायला शिकलेलं माणूस दुकानात असावं, ही गरज तर इथेच आहे.

आणि ज्यांच्या घरी यंदा बारावी आहे त्यांनी मुलीला फॉर्म भरण्याआधीच विचारावं, की तुला हे काम आवडेल का? आवडत असेल आणि बाहेर जायचं मनात असेल, तर डिप्लोमा, चार वर्षांची पदवी की सहा वर्षांचं फार्म.डी., हे तेव्हाच ठरवा. चार वर्षांनी ठरवायला गेलं तर वेळ आणि पैसा दोन्ही दुप्पट लागतात.

मंचरच्या भगिनीला एवढंच सांगते, की या वर्षी तरी शेत गहाण टाकू नका. आधी लेकीला जवळच्या दुकानात किंवा इस्पितळात वर्षभर खरंखुरं काम करू द्या आणि संध्याकाळी इंग्रजीचा अभ्यास. वर्षाने तीच तुम्हाला सांगेल, जायचं की नाही. तिचं काय ठरलं ते मला जरूर कळवा.